हजार लिटर पाणी, एक युनिट वीज

५ एप्रिल २०२०, रविवारची रात्र. टाळेबंदीला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवा आणि पणत्या, मेणबत्त्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. लोकांनी ते भलतंच मनावर घेतलं. गॅलऱ्या उजळल्या, थाळ्या पुन्हा बाहेर निघाल्या, कुठे कुठे फटाकेही वाजले. आणि ज्यांच्या हातात देशाची वीज यंत्रणा असते, त्या नियंत्रण केंद्रांतल्या अभियंत्यांच्या पोटात त्या वेळी गोळा आलेला होता.

कारण वीज ही मोठी विचित्र चीज आहे. ज्या क्षणी ती तयार होते, त्याच क्षणी ती कुणीतरी वापरावी लागते. तारेत ती साठून राहत नाही. तुम्ही मिक्सरचं बटण दाबता, तेव्हा तुमच्या वाट्याची वीज कुठल्याही गोदामातून येत नाही. देशभर फिरणारी सगळी जनित्रं त्या क्षणी कणभर, अगदी मोजता येणार नाही इतकी, मंदावतात. त्यांच्या फिरण्यातली ऊर्जा तुमच्या चटणीत उतरते. मग कुठेतरी एखादं नियंत्रक यंत्र ते ओळखतं, झडप किंचित जास्त उघडतं आणि गती पूर्वपदावर येते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जोडलेली ही हजारो जनित्रं एखाद्या दिंडीसारखी एकाच ठेक्यावर चालतात. ठेका ठरलेला आहे, सेकंदाला ५० आवर्तनं. २०१३ सालापर्यंत दक्षिण भारताचा ठेका वेगळा होता. त्या वर्षी ३१ डिसेंबरला आपल्या सोलापूरहून रायचूरला जाणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि तेव्हापासून अख्खा देश एका ठेक्यात आला.

मागणी वाढली की ठेका पडतो, घटली की चढतो. फार चढला किंवा फार पडला, तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बाहेर पडतात. एक बाहेर पडलं की उरलेल्यांवर ताण येतो, मग दुसरं, मग तिसरं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोक अंधारात होते.

तर त्या रविवारी बारा ते चौदा हजार मेगावॅट मागणी घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात पावणेनऊ ते नऊ-दहा या पंचवीस मिनिटांत ती ३१ हजार मेगावॅटच्या आसपास घसरली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. अशी दहा केंद्रं अर्ध्या तासाच्या आत कुणी बंद करायला सांगितली, तर काय होईल? कोळशाचं केंद्र असं बंद-चालू होत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पूर्ण ताकदीवर यायला कित्येक तास जातात.

तरीही पंखे फिरत राहिले, फ्रीज चालू राहिले. वाचवलं ते पाण्यानं. आधीपासून ठरवून जलविद्युत केंद्रं पूर्ण जोरात चालवून ठेवली होती, म्हणजे ऐनवेळी उतरवायला जागा राहील. त्या पंचवीस मिनिटांत देशभरची जलविद्युत २५,५५९ मेगावॅटवरून ८,०१६ वर आणली गेली. लोकांनी पणत्या विझवून दिवे लावले, तशी पुढच्या सतरा मिनिटांत ती पुन्हा १९ हजारांवर नेली. त्या काळात ठेका ४९.७० च्या खाली गेला नाही आणि ५०.२६ च्या वर चढला नाही. मला तरी त्या रात्रीची खरी आतषबाजी ही वाटते. ती कुणालाच दिसली नाही, हे तिचं यश.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण असं की, कोळसा आणि तेल सोडून सूर्य-वाऱ्याकडे जायचं म्हणजे नेमकं काय अवघड आहे, ते त्या पंचवीस मिनिटांत दिसतं. सूर्य काही आपल्या सोयीनं उगवत-मावळत नाही. दुपारी विजेचा पूर येतो आणि संध्याकाळी सातला, जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू होतात, तेव्हा सौर पॅनेल डोळे मिटून बसलेलं असतं. ही चूक पॅनेलची नाही. आजवर आपल्याला एक चैन फुकटात मिळत होती आणि ती चैन आहे हेच आपल्या लक्षात आलं नव्हतं.

ती चैन किती मोठी, हे एका हिशेबानं कळतं. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती काठोकाठ भरलेली घ्या. तेवढं पाणी, म्हणजे एक टन वजन, ३६७ मीटर उंचीवरून खाली सोडलं आणि वाटेत काहीही वाया गेलं नाही, तर वीज मिळते बरोबर एक युनिट. एक! घरचा साधा फ्रीज दिवसभर चालावा, एवढीच. ३६७ मीटर म्हणजे शंभराहून अधिक मजल्यांची इमारत.

आता तेच एक युनिट कोळशातून काढायला आपल्याकडच्या औष्णिक केंद्राला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. दोन ओंजळींत मावेल एवढा. एक लिटर डिझेलमध्ये तर दहाएक युनिटांची ऊर्जा कोंडलेली असते. जनित्रात घातलं की तिच्यातली तीनेक युनिटंच विजेच्या रूपानं हाती येतात, उरलेली उष्णता होऊन जाते. तरीसुद्धा तीन युनिटं म्हणजे घाटावरून खाली सोडलेल्या तीन टाक्या, एका पाण्याच्या बाटलीत!

चंद्रपूर-वणीच्या खाणींतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळच्या दलदलीतल्या झाडांनी जे ऊन खाल्लं, ते दाबून, वाळवून, घट्ट करून जमिनीनं ठेवून दिलं. म्हणजे आपण जाळतो तेही ऊनच आहे, फक्त साठवलेलं. इंधन आणि गोदाम एकाच ढेकळात. ढीग करून ठेवा, पावसाळ्यानंतर वापरा, रात्री दोन वाजता वापरा, तक्रार नाही. दोनशे वर्षं माणसानं या गोदामावर मजा केली. हवेत कार्बन साठतोय म्हणून आता ते सोडायचं, तर ऊर्जेची वानवा नाही, ऊन रग्गड आहे. वानवा आहे ती गोदामाची.

आणि त्या जुन्या चैनीची किंमत आपण दुसऱ्या नाण्यात मोजत होतोच. भारत आपल्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून बराच जास्त हिस्सा आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखातातून येतो. तो ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतो, ती सर्वांत अरुंद जागी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. म्हणजे साताऱ्यातल्या एखाद्या घरात सकाळचा चहा उकळतो की नाही, याचा धागा इराण आणि ओमानमधल्या त्या चिंचोळ्या पाण्याला बांधलेला आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल आखडलं, तेव्हा काही महिन्यांत तीन डॉलरचं पिंप बारा डॉलरच्या घरात गेलं. तसं पुन्हा झालं तर हाताशी असावं म्हणून विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे खडकात प्रचंड गुहा कोरून ५३ लाख टन तेल ठेवायची सोय केली आहे. एवढ्या खटाटोपानंतर देशाची गरज त्यातून भागते साधारण नऊ-दहा दिवस. त्याखेरीज तेल कंपन्यांच्या टाक्यांतला साठा असतो, पण गुहांचा म्हणाल तर इतकाच.

महाराष्ट्र हा धडा एकदा दाभोळला शिकला आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर भला मोठा प्रकल्प उभा राहिला, इंधन परदेशी, भाव डॉलरमधले. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये तो बंदच ठेवावा लागला. जास्त बोलायला नको.

पण मुंबईनं कोळशाकडे पाठ फिरवण्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणगाव चालत होतं ते वाफेवर, आणि मुंबईच्या आसपास कोळशाची एकही खाण नाही. जो काही कोळसा जळायचा, तो दूरवरून आणलेला. गिरण्यांच्या धुरानं शहर काळवंडलेलं. त्याच वेळी शे-सव्वाशे किलोमीटरवर लोणावळ्याच्या डोंगरात दर पावसाळ्यात अतोनात पाणी कोसळत होतं. जमशेटजी टाटांच्या डोक्यात घोळलेली कल्पना त्यांच्या पश्चात पूर्ण झाली. १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. आज ज्याला आपण ऊर्जा संक्रमण वगैरे भारदस्त नाव देतो, ते लालबाग-परळमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालं होतं.

या योजनेतली खरी करामत सह्याद्रीच्या घडणीत आहे. नकाशा पाहा. इंद्रायणी, मुळा, कोयना या नद्या उगम पावतात तिथून अरबी समुद्र अगदी जवळ. उभ्या कड्यावर गेलं तर कोकण खाली पसरलेलं दिसतं. पण पाणी त्या बाजूला जातच नाही. पठाराचा उतार पूर्वेला म्हणून ते भीमेला, कृष्णेला मिळून हजारभर किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागरात पोचतं, सावकाश, हळूहळू उंची गमावत. अभियंत्यांनी ते पाणी घाटमाथ्यावर अडवलं, डोंगराला भोक पाडलं आणि पश्चिमेला वळवलं. पाचशे मीटरची उंची, जी कृष्णेनं शेकडो किलोमीटरांत गमावली असती, ती भिऱ्याला काही हजार मीटरच्या नळात एका दमात गमावायला लावली. खालच्या टोकाला नोझलमधून सुटणारी पाण्याची धार चाकाच्या कडेला लावलेल्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीच्या मध्ये एक धारदार कणा असतो. धार त्यावर दुभंगते, दोन्ही अंगांनी वळसा घेते आणि वाटीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यातला जोर जवळपास संपलेला असतो. सगळा चाकानं घेतलेला. पेल्टन नावाच्या अमेरिकन माणसानं एकोणिसाव्या शतकात काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते.

ते पाणी पुढे काय करतं, तेही पाहण्यासारखं आहे. खोपोलीचं पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत उतरून कल्याण-अंबरनाथच्या नळापर्यंत पोचतं. आणि कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला गेला असाल, तर सकाळी पाणी सुटायची वाट पाहत काठावर बसावं लागलं असेल. ते सुटणारं पाणी भिऱ्याची वीज तयार करून आलेलं असतं. मुंबईला किती विजेची गरज लागली, त्यावर तुमच्या होडीची उसळी ठरते.

कोयनेत हेच सगळं मोठ्या मापात. शिवाजीसागर भरला की त्यात १०५ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. त्यातलं काही पोफळीच्या बाजूला, डोंगराच्या पोटातल्या केंद्रांतून जाऊन शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीत उतरतं. चारही टप्पे आणि पायथ्याचं केंद्र धरून क्षमता १,९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी पाणी घ्यायला तलावाच्या तळाशी तोंड हवं होतं. पण तलाव भरलेला, तो रिकामा करायचा तर राज्याची वीज वर्षभर बोंबलणार. मग काय केलं? खालून बोगदा खणत खणत तलावाच्या तळापाशी नेला आणि मध्ये काही मीटर जाडीचा खडक तेवढा बुचासारखा ठेवला. त्याच्याखाली एक खोल खड्डा केला, फुटलेले दगड पडायला. खडकात सुरुंग भरले. बोगद्याचे दरवाजे बंद केले. आणि १३ मार्च १९९९ रोजी, डोक्यावर जिवंत तलाव असताना, बूच उडवलं. तलावातलं पाणी बोगद्यात शिरलं, दगड खड्ड्यात बसले आणि दरवाज्यांपाशी पाणी थांबलं. आशिया खंडात असं पहिल्यांदाच होत होतं. नॉर्वेकडून शिकलेली ही विद्या इतकी अंगवळणी पडली की २५ एप्रिल २०१२ ला तिथेच दुसऱ्यांदा तेच केलं, तलावाची पातळी आणखी उतरली तरी पाणी घेता यावं म्हणून. लेक टॅपिंग हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं होतं. आज विचाराल तर निम्म्या लोकांना आठवणार नाही.

कोयनेला एक बंधन मात्र आहे. कृष्णेचं पाणी अनेक राज्यांत वाटलेलं असल्यामुळे पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. आपल्या टाकीच्या मापात सांगायचं, तर साधारण १९० कोटी टाक्या. पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पुरवायच्या. म्हणून कोयना दिवसभर धो धो चालवत नाहीत. संध्याकाळ झाली, मागणी उसळली, किंवा कुठे औष्णिक संच अचानक बंद पडला, की कोयनेला फोन जातो. काही मिनिटांत ती ताकदीवर येते.

इथपर्यंत आलो की मनात येतं, खाली गेलेलं पाणी परत वर आणलं तर?

वेडगळ वाटतं ना? वर चढवायला खर्च होणार, खाली येताना त्याहून कमी मिळणार. हा तर आतबट्ट्याचा व्यवहार. पण तो अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरमध्ये २००८ पासून चालू आहे. वर घाटघरचा जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याचा, मध्ये सह्याद्रीचा चारशेहून अधिक मीटरचा कडा आणि त्याच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. या यंत्रांची गंमत अशी की एका दिशेनं फिरली की ती जनित्र असतात आणि उलट दिशेनं फिरवली की पंप. तेच पातं, तोच दांडा, तेच नळ. रचना अशी की सात तास पाणी वर चढवायचं आणि सहा तास खाली सोडायचं. पूर्ण क्षमतेनं सहा तास म्हणजे १५ लाख युनिटं. चढवताना जेवढी वीज खाल्ली, तिच्यातला साधारण तीन चतुर्थांश परत मिळतो. आणि पाणी तेवढंच राहतं. थोडंफार बाष्प होऊन जातं ते पाऊस भरून काढतो. इथे लवादाचा कोटा संपत नाही, कारण पाणी कुठे जातच नाही.

मी याला धरण म्हणायला तयार नाही. ही बॅटरी आहे, दोन तळ्यांची आणि एका कड्याची. भिऱ्यालाही नव्वदच्या दशकात असाच १५० मेगावॅटचा संच बसला.

घाटघर आखलं गेलं तेव्हा सौर विजेचा कुणी विचारही करत नव्हतं. कल्पना अशी होती की, रात्री लोक झोपतात, कोळशाची केंद्रं मात्र बंद करता येत नाहीत, तेव्हाच्या वाया जाणाऱ्या विजेनं पाणी चढवावं आणि संध्याकाळी उतरवावं. आता घड्याळ उलटं झालंय. जास्तीची वीज दुपारी असते. कोळशाच्या अडचणीवर काढलेला उपाय उन्हाच्या अडचणीला जशाच्या तसा लागू पडतो. यंत्राला काय, पाणी चढवणारी वीज चंद्रपूरची की जैसलमेरची, त्याला कळत नाही.

आणि दुपारची वीज किती झाली आहे! जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सौर प्रकल्पांची क्षमता एक लाख मेगावॅटवर गेली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात सौर विजेची बोली युनिटला १ रुपया ९९ पैशांवर उतरली होती. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीज क्षमतेत कोळसा-वायू-तेलाचा हिस्सा निम्म्यावर आला. हे आकडे ऐकून हुरळून जाणाऱ्यांना एकच सांगायचं. क्षमता निम्मी असली, तरी वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या दहा युनिटांतली सातेक अजून कोळशाचीच असतात. सूर्य दिवसाचे मोजके तास कामाला असतो, कोळसा तिन्ही पाळ्या करतो.

साठवण करायची दुसरीही एक तऱ्हा आहे आणि ती मला धरणांहूनही जास्त चकित करते, कारण तिच्यात काही साठवायचंच नाही. मागणीच उचलून दुपारी ठेवायची.

महाराष्ट्रात ४५ लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना वीज मिळत आली ती पाळीनं. आठवडाभर दिवसा आठ तास, मग आठवडाभर रात्री आठ-दहा तास. ज्याच्या शेतात रात्रपाळी, त्यानं काय करायचं? हातात बॅटरी, पायात बूट असले तर असले, आणि बारं द्यायला निघायचं. पाणी उसाच्या सरीत वळवताना साप, अलीकडे जुन्नर-संगमनेर भागात बिबट्या, आणि जानेवारीत ती बोचरी थंडी. मग लोकांनी तोडगा काढला. स्टार्टरला ऑटो स्विच बसवायचा. लाईट आली की मोटर आपोआप चालू, आपण घरी पांघरुणात. पण एका डीपीवरच्या वीस मोटारी एकाच सेकंदाला उठायला लागल्या की काय होणार? मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळतो. मग चार-आठ दिवस कुणाचीच मोटर नाही, आणि वर्गणी काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जळका ट्रान्सफॉर्मर घालून नेणारे शेतकरी. ज्यानं हे पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता विचार करा. पिकाला पाणी दुपारी एकला मिळालं काय किंवा रात्री एकला, पिकाचं फारसं बिघडत नाही. टीव्हीला, दवाखान्याला, लोकलला वेळ बदलता येत नाही. कृषिपंपाला येते. रात्री तो कोळसा जाळत होता, कारण गावठाणाला आणि कारखान्याला दिवसा वीज दिल्यावर त्याच्या वाट्याला रात्र उरायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभे करून शेतीचे फिडर त्यांच्यावर चालवायचं ठरलं. ऊन आहे तोवर पंप. म्हणजे लाखो मोटारींचा रात्रीचा भार उन्हाच्या वेळेवर सरकतो. विहिरीतलं पाणी शेतात किंवा शेततळ्यात जाऊन बसतं, आणि तीच झाली साठवण. लिथियमचा एक कणही न वापरता. देशातला हा सर्वांत स्वस्त ऊर्जा साठा असावा, आणि त्याचा पहिला फायदा असा की माणूस रात्री घरी झोपतो. योजना कागदावर जितकी सरळ दिसते तितकी गावोगाव सरळ उतरत नाही, जमिनीचे आणि देखभालीचे प्रश्न आहेतच. पण दिशा बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. तेल अरबांचं होतं, पॅनेल चीनची आहेत, म्हणजे पारतंत्र्य तेच, मालक बदलला! सौर पॅनेलच्या आतल्या सिलिकॉनच्या चकत्या आणि बॅटरीचा बराचसा माल आज चीनच्या हातात आहे, हे खरंच आहे. पण दोन्हींत फरक आहे. तेलाचं जहाज अडलं तर चालू गाडी थांबते. पॅनेलचं जहाज अडलं तर नवा प्रकल्प थांबतो, जुनं पॅनेल मात्र छपरावर वीज देतच राहतं, वीस-पंचवीस वर्षं. एक रोजचं रेशन आहे, दुसरं एकदा घेतलेलं अवजार. दोन्ही परदेशी असले तरी चिंता सारखी नाही. अवजार इथे बनवायची धडपड करायला वेळ मिळतो. तोवर पाडूरच्या गुहेसारखे नऊ-दहा दिवस मोजत बसावं लागत नाही.

उरते ती संध्याकाळ. ती सावरायला लिथियम बॅटऱ्या येत आहेत, झपाट्यानं स्वस्तही होत आहेत. पण दोन-चार तासांच्या पुढे, मोठ्या प्रमाणावर साठवायचं म्हटलं की पुन्हा सगळ्यांचे डोळे सह्याद्रीकडे वळतात. उभा कडा, माथ्यावर सपाटी, पायथ्याला सखल जागा आणि जवळच मुंबई-पुण्याची मागणी, असा योग फार ठिकाणी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी अशाच प्रकल्पांसाठी २,८०० मेगावॅटचा करार केला. शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,०००. दुसऱ्याही कंपन्या साताऱ्यात, नाशकात रांगेत आहेत.

इथे मला १९२१ आठवल्यावाचून राहत नाही. मुळशीच्या मावळ्यांनी त्या वर्षी टाटांच्या धरणात आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह मांडला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. तो हरला. गिरण्यांच्या धुरातून मुंबई थोडी सुटली, त्याची किंमत मुळशी पेट्यातल्या भातखाचरांनी मोजली. कोयनेच्या विस्थापितांची आंदोलनं तर साठ वर्षांनंतरही ऐकू येतात, आणि त्या गावांनी दिलेल्या विजेवर आपण मोठे झालो. स्वच्छ वीज म्हणजे फुकट वीज नव्हे. घाटमाथ्यावरचं जंगल, देवराया, ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाड्या हे सगळं त्याच कड्यावर आहे, जिथे वरचं तळं हवं असतं.

उंचीवरच्या पाण्यात साठणारी ऊर्जा तलावाच्या आकाराइतकीच कड्याच्या उंचीवरही अवलंबून असते, ही यातली जमेची बाजू. घाटघरचे जलाशय शिवाजीसागरासमोर डबकी वाटावीत इतके लहान आहेत. आधीच बांधलेल्या धरणांचा वरचं किंवा खालचं तळं म्हणून उपयोग झाला, तर नवं बुडवायला फार कमी लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भिवपुरी-शिरवत्यासारख्या, जिथे शंभर वर्षांपूर्वीच पाणी अडवलं आहे, त्या जागा आधी संपवाव्यात. कोऱ्या जंगलात शिरण्याची परवानगी त्यानंतर मागावी, आणि मागताना वाडीवरच्या ग्रामसभेपासून सुरुवात करावी, मंत्रालयापासून नव्हे.

आणि शहरात राहणाऱ्यांनी तोवर एक करावं. सोसायटीची पाण्याची मोटर संध्याकाळी सातला चालू होत असेल, तर पुढच्या बैठकीत ती दुपारी बाराला लावायचा ठराव मांडा. वॉशिंग मशीन आणि गीझरचंही तेच. तुमच्या गच्चीवरची काळी टाकी उन्हात भरली, तर त्या संध्याकाळी कोयनेला तेवढं कमी पाणी सोडावं लागेल.